बुडालेल्याच्या पोटातले पाणी

गणपतीपुळ्याच्या समुद्रात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढायची धडपड लगेच सुरू होते. ती जीव वाचवण्यासाठीच असते. पण घात पोटातल्या पाण्याने होत नाही, हायपॉक्सियाने (पेशींना प्राणवायू न मिळणे) होतो.

पेशीच्या आवरणातले सूक्ष्म पंप आत शिरणारे सोडियम सतत बाहेर टाकतात. त्यांना लागणारे एटीपी (पेशीचे इंधन) मुख्यतः प्राणवायूच्या जोरावर तयार होते. मच्छीमार होडीत झिरपणारे पाणी पंपाने उपसत असतात. डिझेल संपले की होडी भरू लागते. तशीच एटीपी संपले की सोडियम आणि त्यामागून पाणी आत साठून पेशी फुगते. इथवरची इजा भरून येते, हे पक्के ध्यानात घ्यावे: प्राणवायू वेळेत मिळाला तर पेशी पूर्ववत होते. पुढे मात्र कॅल्शियम आत घुसते, आवरण फाटते आणि नेक्रोसिस (पेशीचा मृत्यू) होतो. मेंदूच्या पेशींना ही मुदत जेमतेम ४ ते ५ मिनिटांची.

पोट दाबल्याने अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय हीच मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर माणसाला उताणे निजवून आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छाती दाबावी. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा.