प्रकाशाने घडणारे सूक्ष्मगोल आणि कुपीबंद औषधे

काही औषधांच्या बाटल्यांवर नावापुढे 'सी.एस.' ही अक्षरे आढळतात. पेंडिमेथॅलिन ३८.७ टक्के हे तणनाशक व लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के हे कीटकनाशक या रूपात मिळते. अशा बाटलीत औषध बहुवारिकाच्या, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या द्रव्याच्या, अतिसूक्ष्म कुप्यांत कोंडलेले असून त्या कुप्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या असतात. असा कण कसा घडतो हे समजले, म्हणजे तो वापरताना कोठे जपावे हेही ध्यानी येते. घडणीची समजण्यास सर्वांत सोपी रीत प्रकाशाची आहे. तीच प्रथम पाहू.

मिथाक्रिलेटसारख्या द्रवाचे रेणू सुटे असतात. त्यात प्रारंभक नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. जांभळ्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पडताच प्रारंभकाचे रेणू फुटतात व त्यांचे तुकडे शेजारच्या रेणूंना जोडले जातात. एका रेणूला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी साखळी वाढत जाऊन द्रवाचा घन पदार्थ होतो. दात भरताना दंतवैद्य निळ्या प्रकाशाची कांडी धरतो आणि मऊ लगदा काही सेकंदांत टणक होतो, ती याच जातीची क्रिया होय.

आता हा द्रव पाण्यात घालून ढवळला, तर आमटीवरील तेलाप्रमाणे त्याचे थेंब होतात. ढवळणे जितके जोराचे, तितके थेंब बारीक. ते पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे द्रव्य घालतात. त्यावर प्रकाश सोडला की प्रत्येक थेंब आहे त्या आकारात गोठतो व मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढे गोल मणी मिळतात. अडचणी दोन आहेत. हवेतील प्राणवायू साखळी मध्येच तोडतो, म्हणून मिश्रणातून नायट्रोजन वायू सोडतात. शिवाय थेंबांची दाटी झाली की पाणी दुधासारखे होऊन प्रकाश आत पोचत नाही. तेव्हा ते पातळ थरातून किंवा अरुंद नळीतून नेणे भाग पडते. उष्णता द्यावी लागत नाही, हा या रीतीचा मोठा गुण. त्यामुळे उष्णतेने बिघडणारी द्रव्येही मण्यात कोंडता येतात.

दुकानातील सी.एस. औषधांच्या कुप्या मात्र सामान्यतः प्रकाशाने बनवीत नाहीत. औषधाचा थेंब व पाणी यांच्या सीमेवर दोन द्रव्यांचा संयोग घडवून थेंबाभोवती साल तयार करतात. मणी आतबाहेर भरीव, कुपी आतून पोकळ, एवढाच भेद. औषध हळूहळू बाहेर पडावे हा हेतू दोहोंचा एकच. पेंडिमेथॅलिन उघड्यावर वाफेने उडते व उन्हाने नासते. सालीमुळे ही हानी कमी होते.

परंतु जी साल औषध टिकविते, तीच मधमाश्यांना घातक ठरू शकते. अमेरिकेत १९७४ साली मिथिल पॅराथिऑन हे कीटकनाशक कुपीबंद रूपात आले. त्या कुप्या साधारण परागकणांएवढ्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागाबरोबर पोळ्यात नेल्या, आणि साठविलेल्या परागातून विष पुढेही पोळ्याला बाधत राहिले. फवारा वाळला म्हणजे धोका सरला, हा समज म्हणूनच येथे लागू पडत नाही. माश्या घरी परतल्यावर सायंकाळी फवारावे, हा नेहमीचा सल्ला चांगलाच आहे. पण पानाफुलांवर चिकटून राहिलेली कुपी दुसऱ्या सकाळीही तेथेच असते. यास्तव कुपीबंद कीटकनाशक फुलोऱ्यातील पिकावर वापरू नये, आणि बांधावरील तण फुलावर असल्यास फवारा तिकडे उडू देऊ नये.

कुप्या तळाशी बसतात, म्हणून बाटली उघडण्यापूर्वी चांगली हलवावी. टाकीत प्रथम निम्मे पाणी घेऊन औषध ओतावे, मग उरलेले पाणी घालून ढवळावे. मात्रा लेबलावर असेल तीच घ्यावी; साध्या प्रवाही औषधाच्या मापाने सी.एस. औषध मोजू नये, कारण दोहोंतील टक्केवारी निराळी असते.