दोन सदरे, दोन शेते

समजा तुमच्यासमोर दोन पांढरे सुती सदरे ठेवले आहेत. एक सेंद्रिय कापसाचा आणि दुसरा नेहमीच्या, म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके वापरून पिकविलेल्या कापसाचा. हाताने चाचपून, हुंगून किंवा धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरून तुम्हाला ते ओळखता येतील का?

नाही. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबलचक पेशी. ती मुख्यतः सेल्युलोजची बनलेली असते आणि सेल्युलोज दोन्हीकडे सारखेच. कापड उकळून, धुऊन त्याचे विरंजन केले की तंतूवर चिकटलेली द्रव्येही बहुतांशी निघून जातात. मग फरक आहे तरी कोठे? तो पाहायला शेतातच जावे लागेल.

प्रथम खताचा विचार करू. कपाशीला नत्र हवे. ते युरियातून येवो किंवा शेणखतातून, मुळे ते मुख्यतः नायट्रेट व अमोनियम याच रूपांत शोषून घेतात. पण प्रमाण पाहा. युरियात 46 टक्के नत्र असते, तर शेणखतात सुमारे अर्धा टक्का. म्हणजे 100 किलो युरियातले 46 किलो नत्र शेणखतातून द्यायचे झाल्यास 9,200 किलो शेणखत लागेल! एवढी गुरे किती गोठ्यांत आहेत? म्हणून सेंद्रिय शेतकरी कपाशीबरोबर तूर, मूग, चवळी अशी पिके घेतो. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. पुढे पाला व मुळे कुजली की ते जमिनीला मिळते. शेणखताने माती भुसभुशीत होते व ओल धरून ठेवते, हा वेगळा लाभ. विदर्भातील बहुतेक कपाशी कोरडवाहू असल्याने तिला ही ओल मोलाची.

दुसरा फरक किडींच्या बाबतीत. 2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या वाणात एका जीवाणूचे जनुक घातलेले असल्याने झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. प्रारंभी फवारण्या घटल्या. पण गुलाबी बोंडअळीला हळूहळू ते प्रथिन पचू लागले आणि 2017 साली महाराष्ट्रात तिने कपाशीचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील एक विकर निकामी करतात. तसेच विकर आपल्या शरीरातही असते. अळी कोणती आणि माणूस कोणता, हे विषाला कळत नाही.

सेंद्रिय शेतीत बीटी बियाणे व कृत्रिम कीटकनाशके वर्ज्य आहेत. तेथे निंबोळी अर्क फवारतात, बोंडअळीच्या नर पतंगांसाठी कामगंध सापळे लावतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना जगू देतात. यात मेहनत अधिक आणि पिकावर सतत नजर हवी.

मग उत्पादनाचे काय? मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात 2007 पासून दोन्ही पद्धतींची तुलना करणारा प्रयोग सुरू झाला. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कपाशीचे उत्पादन 29 टक्क्यांनी कमी आले. 2009 व 2010 मध्ये दोन्हींचे जवळपास सारखे भरले. मात्र याचे कारण रासायनिक शेतीतले उत्पादन घटले, हे होते. खर्च कमी असल्याने त्या दोन वर्षांत सर्व पिके मिळून सेंद्रिय शेती अधिक फायद्याची ठरली. म्हणजे कठीण असतात ती सुरुवातीची वर्षे. त्या काळात कापूस ‘सेंद्रिय’ म्हणून विकताही येत नाही. ही झळ शेतकऱ्यालाच सोसावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कापूस सेंद्रिय असला, पण कापड रंगविल्यानंतरचे पाणी शुद्ध न करता नाल्यात सोडले, तर नदीचे नुकसान व्हायचे ते होतेच.

तुमच्या गावाजवळ कपाशी होत असेल, तर एखाद्या शेतकऱ्याला विचारा: यंदा किती फवारण्या झाल्या? त्या वेळी नाकातोंडाला काय बांधले होते? खर्च किती आला? उत्तरे वहीत लिहून ठेवा. सदरा जे सांगत नाही, ते तुम्हाला त्या वहीत सापडेल.