गंजलेल्या ड्रिलला पुन्हा हात लावताना

भोर आणि वेल्हे (आता सरकारदरबारी राजगड तालुका) या भागातल्या जुन्या घरांच्या तुळया आणि खांब बघितले, तर बरेच सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले दिसतात. खुंटी आली की भोक आले. वीज यायच्या कितीतरी आधी सुतार हे भोक सामत्याने पाडत. लाकडी दांडीला दोरीचा वेढा, दोरीची दोन्ही टोके कमानीला, आणि दांडीचे वरचे टोक करवंटीत किंवा लाकडी टोपीत दाबून धरायचे. कमान पुढेमागे ओढली की दांडी एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे. म्हणून सामत्याचे पाते भाल्याच्या फाळासारखे चपटे आणि दोन्ही अंगांनी कापणारे असते. त्यात आजचे पिळाचे पाते बसवले, तर उलट्या फेऱ्यात ते नुसते घासत बसते.

माळ्यावर सापडणारी अवजारे मात्र बहुधा पुढच्या पिढीची असतात: दात्यांच्या चाकाचे हँड ड्रिल आणि वाकड्या दांड्याची ब्रेस. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी लोखंडाच्या ढिगात अशी अवजारे निघतात. विकत घेण्याआधी चमक बघू नका, तीन गोष्टी बघा. चकच्या, म्हणजे पाते धरणाऱ्या तोंडाच्या, आतले जबडे शाबूत आहेत का? चाकाचा एखादा दात तुटला आहे का? आणि चकमध्ये सरळ खिळा धरून हँडल फिरवल्यावर खिळ्याचे टोक एका जागी राहते की गोल गोल हिंडते? दाते बिडाचे असले तर डागडुजी सहज जमत नाही. जबडे गहाळ असतील, तर तशीच दुसरी चक मिळेपर्यंत ते ड्रिल शोभेचेच. वरवरचा गंज हा यातला सर्वांत किरकोळ दोष आहे.

अवजार सुटे करण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. चकमधल्या बारीक स्प्रिंगा टपकन उडतात, म्हणून ते काम ताटात किंवा कपड्यावर करावे. घट्ट बसलेल्या स्क्रूवर भेदक तेल टाकून रात्रभर थांबा; जोर लावला की खाच मोडते आणि मग दुप्पट काम वाढते. चिकट काळे तेल रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने निघते, फक्त हे उघड्यावर आणि चुलीपासून लांब करा. गंजासाठी पितळी ब्रश आणि बारीक स्टीलवूल पुरते. खोल गंज असलेले पोलादी भाग व्हिनेगरमध्ये बुडवावेत, पण अधूनमधून बघत राहावे, कारण गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडे करा आणि तेल लावा. पॉलिशची चाके आणि नवा रंग मात्र टाळावा असे माझे मत आहे. मुठीवरची काळसर तकाकी आणि उत्पादकाची ठशाची अक्षरे एकदा घासली गेली की परत येत नाहीत.

मुठीला अळशीचे तेल पातळ लावून पुसून घ्या. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशा गठ्ठ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. चिंध्या पसरून वाळवाव्यात. दात्यांना शिलाई मशिनचे तेल द्या. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होऊन चाकच धरून ठेवते.

खरे काम धारेचे. ब्रेसच्या पिळदार गिरमिटाच्या टोकाला छोटे मळसूत्र असते, तेच पाते लाकडात खेचून नेते. कडेची दोन टोकदार पाती आधी लाकडाचे तंतू कापतात आणि मग आडव्या धारा भुसा उचलतात. ही कडेची पाती फक्त आतल्या बाजूने कानशीने घासायची. बाहेरून घासली तर ती आत जातात, भोक लहान होते आणि गिरमिट अडकते. आडव्या धाराही मुठीच्या बाजूने, म्हणजे वरून घासाव्यात. खालून घासल्या तर लाकडाशी कोन बिघडतो आणि गिरमिट पुढे सरकतच नाही. अशा गिरमिटाला दोष देऊन लोक जोर लावतात, पण त्यात ताकदीचा प्रश्नच नसतो.

काम करताना हिशेब सोपा ठेवा. बारीक भोके हँड ड्रिलने पाडा. मोठ्या चाकाला 60 आणि लहानाला 15 दात असतील, तर हँडलच्या एका फेऱ्यात पाते चार फेरे मारते. आपल्या ड्रिलचे दात मोजले की प्रमाण कळते. अर्धा-पाऊण इंचाची भोके ब्रेसने. तिच्या वाकाचा घेर जितका मोठा, तितकी फिरवण्याची ताकद जास्त. आधी दाभणाने खूण खोल करा. पहिले दोन-तीन फेरे सावकाश घ्या आणि शेजारी काटकोन्या उभा करून ड्रिल सरळ आहे का ते एकदा समोरून, एकदा बाजूने बघा. पलीकडे मळसूत्राचे टोक दिसले की थांबा, लाकूड उलटवा आणि त्या छिद्रातून उरलेले भोक पाडा, म्हणजे कड फुटत नाही. बाभूळ किंवा ऐन असेल तर गिरमिट अधूनमधून बाहेर काढून भुसा झटकावा.

वेल्ह्याच्या पावसात नुसते स्वच्छ केलेले लोखंड टिकत नाही. चकचे जबडे आणि दाते ही गंजाची पहिली जागा, म्हणून जूनआधी अवजार एकदा उघडून तेल द्या आणि तेलकट कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. ज्यांच्या माळ्यावर असे एखादे ड्रिल पडून असेल, त्यांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी चकमध्ये एक खिळा धरून फिरवून बघावे.