काचेत पेटणारा आकडा

बीदर-भालकीकडच्या घरांत एकच घड्याळ पाहून कुणी ‘साडेआठ’ म्हणतं, कुणी ‘एंटूवरे’. निक्सी नळीच्या घड्याळात तो ८ नारिंगी उजेडात पेटलेला दिसतो, मग कुणी काहीही वाचा!

१९५५ साली अमेरिकेतल्या बरोज कंपनीने या नळ्या बाजारात आणल्या. काचेच्या नळीत निऑन वायू आणि एकामागे एक उभे केलेले तारेचे दहा आकडे. ज्या आकड्याला वीज मिळते, त्याच्याभोवतीच वायू उजळतो. सत्तरच्या दशकात एलईडी आले आणि नळ्या मागे पडल्या. हौशी मंडळी आज बहुधा जुन्या सोव्हिएत साठ्यातल्या नळ्या वापरतात. त्यातल्या आयएन-१२ मधला ५ म्हणजे चक्क उलटा केलेला २. काटकसर बघा!

खरी गोम विजेत आहे. नळी पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून छोटं सर्किट ते तयार करतं. अडॅप्टर काढला तरी कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक राहतो. म्हणून मुलं सोल्डरिंगला बसली, तर मोठ्यांनी शेजारी बसावं आणि मीटरवर शून्य येईपर्यंत बोट लावू देऊ नये. नळीला रेझिस्टर हवाच. तो वाचवलात तर नळी गेली म्हणून समजा.

वीज गेली तरी वेळ चुकू नये म्हणून नाण्याएवढ्या सेलवर चालणारी डीएस३२३१ चिप घ्यावी. तासाच्या पहिल्या नळीत ०, १, २ एवढेच आकडे लागतात. बाकीचे न पेटता डागाळतात. त्यांना रात्री काही मिनिटं आळीपाळीने पेटवावं.

आणि शाळा-कॉलेजातलं जुनं मोजयंत्र भंगारात जात असेल, तर आधी त्याची काच नीट बघा.