पोळी-भात सुटला की भूक का खवळते?

पोळी, भात, साखर एकदम कमी केली की पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, संध्याकाळच्या चहाबरोबर खारी हवीच असं वाटतं. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे.

यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो. तो दिवसभरात बराचसा संपतो. चरबीपासून पुरेसे कीटोन, म्हणजे शरीराचं पर्यायी इंधन, तयार व्हायला मात्र दोन-चार दिवस लागतात. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट बरीचशी या पाण्याचीच! इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. थकव्याचं हे एक मोठं कारण. रक्तदाबाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक कामी येतं.

खरी भूक अंडाभुर्जीने किंवा पनीरनेही भागते. तल्लफ जिलबीच मागते. पण पुष्कळजण ताटातली पोळी काढतात आणि तिच्या जागी काहीच वाढून घेत नाहीत. मग रात्री फरसाणाचा डबा उघडतोच.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय हा आहार सुरू करू नये. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.