रोजची मालिका आणि आठवड्याची सुट्टी

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिका हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संतवाङ्मय, सहकार, शेतीचे पाणी अशा विषयांच्या पंगतीत सासूसुनांच्या कथेला पाट कशाला मांडावयाचा? परंतु संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान कोरेगावातील एखाद्या आळीतून फेरी मारावी. एकाच मालिकेचे संवाद घरोघरी ऐकू येतात. जी गोष्ट इतक्या घरांचा इतका वेळ घेते, तिचा हिशेब मांडणे आम्हा कामगार चळवळीतील माणसांना कर्तव्यच वाटते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या दारावरील सभांत अधिक झाले. कलेचे परीक्षण करण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा प्रश्न साधा आहे : हा वेळ कोणाचा, आणि तो कोणाच्या श्रमावर उभा आहे?

प्रथम वेळेचा विचार करू. फुरसत ही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक दिवसाची सुट्टी घालून दिली. करमणुकीचा व्यवहार या मिळवलेल्या सुट्टीवर वाढला. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, ते रविवारी सकाळी. ज्याच्या घरी संच, त्याच्या सोप्यात शेजारीपाजारी मावत नसत. पण पाऊण तासाने ज्याची त्याची कामे सुरू होत, आणि पुढचा भाग आठवड्याने येई.

हीच चाल दक्षिण कोरियात आजही आहे. तेथे शनिवार-रविवारी रात्री दाखवावयाच्या कौटुंबिक मालिका स्वतंत्र असतात. आजीआजोबा, त्यांची मुले, नातवंडे, कोणाचे लग्न अडलेले, कोणाचा धंदा बुडालेला. आपल्याला परके वाटावे असे त्यांत फारसे नाही. अशी मालिका साधारण पन्नास भागांत, म्हणजे सहा महिन्यांत संपते. 'माय गोल्डन लाइफ' ही गाजलेली मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१८ मध्ये ५२ भागांनी संपली. लोकांना हवी होती तरी संपली, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे मात्र साप्ताहिक मालिका मागे पडून रोजची आली. 'चार दिवस सासूचे' ही रोहिणी हट्टंगडी यांची मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. भाग तीन हजारांवर गेले. एक भाग अर्ध्या तासाचा धरला तर दीड हजार तास होतात. आठ तासांच्या पाळीने हे १८७ दिवसांचे काम झाले! नावात चार दिवस आणि मुक्काम अकरा वर्षांचा.

मालिका लांबते का? कारण दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि जाहिरातीचा दर त्यांवर ठरतो. आकडा चढता असेल तर कथा संपविणे म्हणजे चालते दुकान बंद करणे. मग हरवलेला भाऊ परत येतो, ठरलेले लग्न मोडते. लेखकाला पुष्कळदा शेवट ठाऊकच नसतो.

आता श्रमाकडे वळू. आठवड्याला सहा भाग दाखवावयाचे म्हणजे आठवड्याला सहा भाग तयार व्हावयास हवेत. त्यात रविवारचा विशेष भाग आला की ओढाताण अधिक. दिवे धरणारा, रंगभूषा करणारा, चहा देणारा या साऱ्यांची पाळी बारा तासांची, आणि मजुरी पुष्कळदा ९० दिवसांनी. याच प्रश्नांवर मुंबईत सिने-कामगारांच्या महासंघाने ऑगस्ट २०१७ मध्ये संप केला. आठ तासांची पाळी ही त्यांची एक मागणी होती. १८९० साली गिरणीत जे मागितले गेले, तेच सव्वाशे वर्षांनी चित्रनगरीत मागावे लागले. कोरियात २०१८ साली आठवड्याची मर्यादा ५२ तासांवर आली आणि त्या मर्यादेतून पूर्वी मोकळा असलेला दूरचित्रवाणीचा धंदाही तीत आणला गेला. आपल्या १९८१ च्या सिने-कामगार कायद्यात चित्रपटाचा विचार होता, मालिकेचा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत मालिकेचा कामगार आला आहे. त्याला लेखी करार मिळतो की नाही, हे आता पाहावयाचे.

हा प्रश्न दूर मुंबईचा नाही. 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात आपल्याच सातारा जिल्ह्यात चित्रित झाली. आपली बोली ऐकून आपण सुखावलो. पुढच्याच वर्षी, करोनाच्या काळात, 'आई माझी काळुबाई'चे चित्रीकरण साताऱ्याकडे चालू होते. तेथे संसर्ग झाला आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे साताऱ्यात निधन झाले. पडद्यावरचे घर ही सुद्धा कामाची जागा आहे, तेथेही जीव धोक्यात असतो, हे त्या दिवशी कळले.

म्हणून मालिका पाहूच नयेत काय? आम्ही तसे म्हणणार नाही. पाहणारी बहुतेक घरची बाई असते. मालिका पाहताना तिचे हात मोकळे नसतात. मांडीवरच्या सुपात घेवडा निवडणे चालूच असते. लोखंड्यांचा रविवार तिच्यापर्यंत अद्याप पोचलेला नाही. दिवसातला हा अर्धा तास तिला स्वतःचा म्हणता येतो, तर त्याला हसण्याचा हक्क पुरुषांना नाही.

तात्पर्य, मालिकेच्या दोन्ही बाजूंना सुट्टी नसलेली माणसे आहेत : एक दिवा धरून उभा, दुसरी सूप घेऊन बसलेली. वाहिनीला पत्र लिहावयाचे तर कथेचा शेवट मागावा, आठवड्याला भाग कमी मागावेत. कामगाराच्या सुट्टीची वाट त्यातूनच जाते. आणि घरात करावयाचे काम त्याहून सोपे आहे. मालिका लागली की ते सूप तिच्या मांडीवरून उचलून घरातल्या पुरुषांनी आपल्या मांडीवर घ्यावे.