घांस आणि श्वास

जेवतांना कोणास ठसका लागला कीं आमच्या घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असत. कोणी तरी आठवण काढली असेल, असें हंसून म्हणणें ही एक. आणि "वर पाहा, वर पाहा" म्हणत टाळूवर थापटणें ही दुसरी. गेल्या दोन वर्षांत या दोहोंवरील आमचा विश्वास उडाला. तो कसा उडाला, तें वाचकांपुढें, विशेषतः ज्यांच्या घरीं वृद्ध मंडळी आहेत त्यांच्यापुढें, मांडावें म्हणून हा लेख.

वैनगंगेच्या कांठीं भंडारा जिल्ह्यांतील एका गांवीं आमचें एकत्र कुटुंब राहतें. आमच्या वडील बंधूंना घरांत लहानथोर सारे अण्णा म्हणतात. पंचाहत्तराव्या वर्षीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाणी अडखळूं लागली. परंतु दहा दिवसांनीं ते इस्पितळांतून घरीं आले तेव्हां जीव वांचला याचाच सर्वांस आनंद. मग जी सेवा सुरू झाली तिच्यांत कसलीहि कसूर नव्हती. वहिनी उशाशीं बसून चमच्यानें पाणी पाजीत, सूनबाई पातळ पेज भरवी, नातवंडें आळीपाळीनें चहा देत. अण्णा बहुधा निजलेलेच असत. ठसका क्वचितच लागे, म्हणून सारें ठीक आहे असें आम्हांस वाटे. मात्र जेवणानंतर त्यांचा आवाज, घशांत पाणी खुळखुळावें तसा, ओला येई. आणि सायंकाळीं अंगांत थोडी कसर राही. पंधरवड्यांत ताप चढला, धाप लागली, आणि त्यांना घाईनें नागपुरास न्यावें लागलें. निदान झालें न्यूमोनियाचें. डॉक्टर म्हणाले, "यांच्या फुप्फुसांत अन्नपाणी उतरत आहे." आम्हीं मायेनें पाजलेलें पाणीच तें!

अन्नाची वाट आणि श्वासाची वाट घशांत एकमेकींस छेदून जातात. गिळण्याच्या क्षणीं श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढें उचललें जातें, स्वरतंतु मिटतात, त्यांवर एक लहानसा पडदा झांकणासारखा कलतो, आणि मागील बाजूस अन्ननलिकेचें द्वार उघडतें. घशांतील हा सारा खेळ सुमारें एका सेकंदांत आटोपतो. त्यांत वीस-पंचवीसांहून अधिक स्नायु भाग घेतात, आणि त्यांची आज्ञा मेंदूंतून सुटते. अर्थात् मेंदूस इजा झाली कीं ही शिस्त बिघडते. अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्या कांहीं दिवसांत जवळजवळ निम्म्या रोग्यांस गिळण्याचा त्रास असतो. पुष्कळांचा तो थोड्या आठवड्यांत जातो, कित्येकांचा राहतो. ठसका हा या दाराचा पहारेकरी. परंतु झटक्यानें कधीं कधीं तो पहारेकरीच झोंपी जातो, आणि अन्न श्वासनलिकेंत गेलें तरी खोकला येत नाहीं. अण्णांना ठसका लागत नव्हता, तो याच कारणानें.

डॉक्टरांनीं आम्हांस ज्यांच्याकडे धाडलें त्या एक तरुण वाचोपचारतज्ज्ञ बाई होत्या. आम्ही चमकलों. अण्णांची वाणी अडखळते हें खरें, पण तूर्त प्रश्न अन्नाचा होता. बाई हंसून म्हणाल्या, "गुरुजी, बोलावयाची जीभ आणि गिळावयाची जीभ वेगळी आहे का?" पस्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हीं उच्चारस्थानें घोकून घेतलीं, पण घांसहि याच स्थानांवरून प्रवास करतो, हें कधीं मनांत आलें नव्हतें. घरीं येऊन वाग्भट उघडला. त्यानें अन्न आंत नेण्याचें काम प्राणवायूकडे सोंपविलें आहे व वाणीचें उदानाकडे. आणि दोहोंचा संचार कंठांत सांगितला आहे. चरकानें तर विमानस्थानांत न बोलतां, न हंसतां, फार घाई न करतां व फार रेंगाळतां न जेवण्याचा विधि घालून दिला आहे. आम्ही तो मुंजीच्या वयापासून शिष्टाचार म्हणून पाळीत आलों.

गिळण्याच्या व्याधीस वाचोपचाराच्या शास्त्रांत मानाचें स्थान मिळवून देण्यांत जेरी लोगमन या अमेरिकन विदुषीचा मोठा वांटा आहे. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८३ मध्यें निघाला. आपल्याकडे म्हैसूर येथें वाणी व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्यें स्थापन झाली, आणि मुंबईंतील अली यावर जंग संस्था १९८३ मध्यें.

बाईंनीं अण्णांना ताठ बसविलें. अर्धा चमचा पाणी देऊन कंठावर हलकेंच बोटें ठेवलीं, आणि गिळून होतांच "आ" म्हणावयास सांगितलें. तोच ओला आवाज! पुढें क्ष-किरणांखालीं बेरियम मिसळलेलें अन्न गिळवून तपासणी झाली. पडद्यावर आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें : दाट घांस नीट खालीं उतरला, पातळ पाणी मात्र निसटून भलत्या वाटेस लागलें. आमची समजूत अगदीं उलट होती. आजाऱ्यास पातळ तें सोपें, असेंच ना आपण मानतों? पण पाणी धांवतें, आणि दुबळा घसा त्याच्याइतक्या चपळाईनें मिटत नाहीं. पेज तर त्याहून अवघड. तींत पाणी एका वेगानें जातें व शितें दुसऱ्या.

तेव्हांपासून घरचा स्वयंपाक पालटला. चिन्नोरचा भात मऊ शिजवून, दाट वरणाबरोबर घोटून, गुठळी न राहूं देतां वाढावयाचा. पोहे, चिवडा, रव्याचा लाडू वर्ज्य. पाण्यांत मापानें भुकटी घालून तें मधासारखें दाट करावयाचें. घांस लहान, पहिला गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाहीं. अण्णांना हनुवटी किंचित् खालीं घेऊन गिळावयास शिकविलें. (हा उपाय सर्वांस लागू नाहीं, तपासून मगच सांगतात, तो वाचून कोणी घरीं प्रयोग करूं नये.) मान मागें टाकली कीं श्वासाची वाट अधिक उघडी पडते, आमचें "वर पाहा" तेथेंच निकालांत निघालें. ठसका लागलाच तर पुढें वांकवून मोकळेपणीं खोकूं द्यावें. तोंडाची स्वच्छता सकाळ-संध्याकाळ. तोंडांतील जंतु लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. जपानांतील वृद्धाश्रमांत नियमित मुखशुद्धि ठेवल्यावर न्यूमोनिया कमी झालेला आढळला.

सर्वांत कठीण गेलें तें वहिनींना. "तहानलेल्या माणसास साधें पाणी द्यावयाचें नाहीं, हें कोणत्या शास्त्रांत बसतें?" असें म्हणून त्या रडल्या. त्यांना काय उत्तर द्यावें? आपल्या घरांत पाणी देणें हें पुण्य, आणि शेवटचा घोटहि गंगेचा. एका दुपारीं, अण्णा फार विनवूं लागले म्हणून, त्यांनीं चोरून वाटीभर पाणी पाजलें. त्या रात्रीं पुन्हा ताप आला. सुदैवानें तो दोन दिवसांत उतरला. आम्हीं वहिनींना एक शब्दहि बोललों नाहीं.

आमच्या भागांत या व्याधीचें आणखी एक मूळ आहे, आणि तें वृद्धांपुरतें नाहीं. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यांवर पोरेंसोरें चघळतात. सुपारीनें गालाची आंतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासें होतें. तीन बोटें जावयाचीं तेथें एक शिरत नाहीं. पुढें कर्करोग झाला तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनीं गिळणें आणखीच अवघड होतें. अशा रोग्यांस किरणोपचार सुरू होण्यापूर्वींच गिळण्याचे व्यायाम शिकविणें हितावह ठरतें. राज्य सरकारनें २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली. आमच्याच शाळेंतून बाहेर पडलेला एक मुलगा आम्हांस त्या बाईंच्या दाराशीं भेटला. वय तिशीच्या आंत. नमस्कार केला, पण बोलला नाहीं.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, आमच्या गांवाहून त्याहून दूर. दर आठवड्यास जाणें झेपेना, तेव्हां बाई दूरध्वनीच्या पडद्यावर अण्णांचे व्यायाम पाहूं लागल्या. जोर लावून गिळणें, जीभ चमच्यावर दाबून धरणें, असले ते व्यायाम. आरंभीं अण्णा चिडत, म्हणत, "या वयांत मला बाराखडी शिकवितां?" सात महिन्यांनीं पुन्हा तपासणी झाली आणि भुकटीचें प्रमाण निम्म्यावर आलें. आतां ते पंक्तींत आमच्या शेजारीं पाटाऐवजीं खुर्चीवर बसतात. जेवणानंतर अर्धा तास त्यांना आडवें होऊं द्यावयाचें नाहीं. सूनबाई घड्याळ पाहत बसते, आणि अण्णा रोज दहा मिनिटें आधींच वेळ संपल्याचें जाहीर करतात.